नितळ पाणी

"मासोया कशा हायेत?" बाबांनी फोनवर विचारलं.

"मस्त हायेत," मी म्हटलं.

तेव्हा माझ्या डाव्या हातात फोन होता आणि उजव्या हातात चहाची जुनी गाळणी. गाळणीत एक गोल्डफिश होता, मेलेला. आदल्या रात्री तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन सारखा आ वासत होता. सकाळी फिल्टरच्या नळीला चिकटलेला सापडला.

बाबा अकोल्याला राहतात, मी अमरावतीला. मध्ये मूर्तिजापूर आणि शंभरेक किलोमीटर. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आमचा रोजचा फोन चाळीस सेकंदांत आटोपतो. जेवली का? जेवली, तुम्ही? जेवलो. गोळी घेतली? घेतली. नळ आला होता? आला होता. ठेवू? ठेवा. या यादीत "मासोया कशा हायेत" हा नवा प्रश्न आला, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. त्याचं उत्तर "मेल्या" असं द्यायचं माझ्या जिवावर आलं.

टाकी घेतली दिवाळीनंतर. थोडा बोनस मिळाला होता. एकटेपणा वगैरे मोठे शब्द मला त्यात आणायचे नाहीत. ऑफिसातून परत आल्यावर घरात काहीतरी हलतं असावं, एवढीच इच्छा होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबानं ५६ लिटर, पण रेती टाकून आणि वर थोडी जागा सोडून पाणी मावतं ४५ च्या आसपास. दुकानदारानं घरी येऊन तासाभरात सगळं बसवून दिलं. नळाचं पाणी भरलं, क्लोरीन मारणारे थेंब टाकले, दहा मिनिटं थांबला आणि मासे सोडले. दोन गोल्डफिश, चार मोली, चार गप्पी आणि काच चाटत बसणारा एक सकर. एकूण अकरा.

"एवढे राहतात का हो यात?"

"अहो ताई, अजून दहा राहतील."

पहिले दोन दिवस मी टीव्ही लावलाच नाही. दिवसातून चारदा खाणं टाकत होते. मासे वर धावून यायचे, ते बघायला बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. ताकात पाणी घातल्यासारखं. मी घाबरले आणि जे कुठलाही मराठी माणूस करेल तेच केलं. साफसफाई.

मी राहते गाडगेनगरात. इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गाडगेबाबांची समाधी आहे. ज्या माणसानं आयुष्यभर हातात खराटा धरला, त्याच्या शेजारी राहून घाण कशी चालवून घ्यायची? मी मासे बादलीत काढले. रेती चार पाण्यांनी धुतली. काच घासली. फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली धरला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळत राहिले. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. त्या दिवशी तो जोरात होता आणि क्लोरीनचा वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मला तो वास आवडतो. बाबांच्या शर्टाला लहानपणी तोच वास यायचा.

संध्याकाळी टाकी अशी नितळ दिसत होती की मी फोटो काढून स्टेटसला टाकला. बाबांनी अंगठा पाठवला. दोन दिवसांनी पहिला गोल्डफिश गेला.

पुढच्या आठवड्यात आणखी चार. दुसरा गोल्डफिश, दोन गप्पी, मग तो बिचारा सकर. प्रत्येक मरणानंतर मी आणखी धुवत होते. दुकानदाराला फोन केला तर त्यानं निळं औषध दिलं. पाणी धुण्याच्या नीळीसारखं निळं झालं. त्या निळ्यात मासे दिसेनासे झाले, हाच काय तो फायदा. तेराव्या दिवशी निळं ओसरलं, तेव्हा मोलींच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. कुणीतरी वरून मीठ भुरभुरावं तसे. त्या दगडांना अंग घासत होत्या, आणि पंख मिटून कोपऱ्यात थरथरत होत्या.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले. हे मी टाकी घ्यायच्या आधी करायला हवं होतं, हे मला मान्य आहे.

मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांमधून पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो रंगहीन असतो. पाणी कितीही नितळ दिसत असलं तरी त्यात तो असू शकतो, आणि तो कल्ले जाळतो. वर येऊन आ वासणाऱ्या माझ्या गोल्डफिशला भूक लागली नव्हती, त्याला श्वास घेता येत नव्हता. मी त्याला आणखी खाणं टाकत होते.

जुन्या टाकीत हा अमोनिया साठत नाही, कारण तिथे दोन प्रकारचे जिवाणू कामाला असतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सहन करू शकतात. हेच काम आपल्या शेताच्या मातीतही चालू असतं. कपाशीला टाकलेल्या युरियाचं पुढे जे नायट्रेट होतं, ते याच जातीच्या जिवाणूंमुळे. टाकीत ते राहतात स्पंजवर, रेतीवर, काचेवर, त्या बुळबुळीत थरात. मी जो नळाखाली पिळून पिळून काढला, तो थर.

नव्या टाकीत ते नसतातच. आपोआप येतात, पण त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे असतील तर ते स्वतःच्याच विषात पोहत असतात. मी तर दर दोन दिवसांनी वस्ती उठवत होते, आणि वरून निळं औषध ओतत होते. तेही या जिवाणूंना मानवत नाही.

आमच्या अमरावती-अकोला रस्त्यानं जून २०२२ मध्ये जागतिक विक्रम केला होता. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची डांबरी लेन. तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. मला वाटतं, आमच्या पिढीला सगळंच तसं हवं असतं. दुकानदारानं तासाभरात टाकी लावली, तेव्हा मीही त्याला पाच स्टार दिले होते.

पंधराव्या दिवशी ऑनलाइन मागवलेलं टेस्ट किट आलं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी रंग बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य. माझी नळी हिरवी झाली, २ पीपीएम. पीएच ८. हा दुसरा आकडा जास्त वाईट होता, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ ला तो जेवढा असतो, त्याच्या जवळजवळ दहापट ८ ला होतो.

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, पाच मेल्या."

पलीकडे शांतता. मला वाटलं, आता पैशांचं काढतील.

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस."

"मंग आंधी काऊन नाही सांगतलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीही ताणलं नाही. पुढचा प्रश्न एकदम कामाचा होता. "पानी कोनतं टाकलं? ओटी पाह्यली का?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते आरोग्य सेवक होते. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांत त्यांची नोकरी गेली. सायकलवर, नंतर लुनावर. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर टाकली की नाही हे बघायचं, आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची. काचेच्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे, लोकांनी प्यायला हरकत नाही. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, हा नियम आमच्या घरी पाढ्यासारखा पाठ होता. पावसाळ्यात एखाद्या गावात गॅस्ट्रोची साथ आली की बाबा चार-चार दिवस घरी यायचे नाहीत. आई म्हणायची, "तुहे बाबा पिवया रंग पाहाले गेले."

मी त्यांना जिवाणूंचं सगळं सांगितलं. ते मध्ये न बोलता ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे पस्तीस वर्सं म्या पान्यातले जंतू मारले, अन् तू मले आता जंतू पाळाले सांगून राह्यली?"

"हो."

"अन् गप्पीबी मेले म्हनते?"

"दोन."

गप्पी मेल्याचं त्यांना खरंच लागलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं गप्पी मासे हौदांत, टाक्यांत, विहिरींत सोडतं. बाबांनी ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून गावोगावी नेले होते. "हौदात सोडले का मांगं वयून पाहाचं काम नाही पडलं कधी. वर ऊन, खाली शेवाय. कोनी खाऊ घातलं नाही, उलटी पिल्लं होत जायची. अन् तुया काचेच्या महालात मरून राह्यले?"

बोलता बोलता ते थांबले. मग आपणच म्हणाले, "हौद कोनी घासत नव्हतं ना पन."

तो फोन सतरा मिनिटांचा झाला. मी नंतर बघितलं.

रविवारी बाबा आले. अर्ध्या तिकिटावर, लाल एसटीनं. खांद्याला जुनी झोळी आणि मांडीवर प्लॅस्टिकचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. डब्यात गढूळ पाणी आणि त्यात एक काळा-तपकिरी, शेंबडासारखा बुळबुळीत स्पंजाचा तुकडा. ते जिथे दाढी करतात त्या सलूनमध्ये माशांची टाकी आहे, बरीच वर्षं जुनी. आरशाखाली ठेवलेली, कुणी फारसं लक्ष न दिलेली, आणि त्यातले मासे ठणठणीत. बाबांनी त्या पोराला फिल्टर उघडायला लावला आणि अर्धा स्पंज कापून मागितला. तो वाळू नये म्हणून त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणला. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईनं विचारलं, डब्यात काय हाय? बाबा म्हणाले, जंतू. ती उठून मागच्या सीटवर गेली.

घरात आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. झोळीतून क्लोरोस्कोपची डबी काढली. आधी नळाचं पाणी, मग टाकीचं. नळाची नळी पिवळी झाली. टाकीची तशीच राहिली, पाण्यासारखी. त्यांनी दोन्ही नळ्या खिडकीत उजेडाला धरल्या.

"टाकीत क्लोरीन नाही. पन तू तो स्पंज याच्याखाली धुतला," त्यांनी पिवळ्या नळीवर नखानं टकटक केलं. "मानसाईले जे तारते ना, त्यानंच त्याईले मारलं."

आम्ही सलूनचा स्पंज माझ्या फिल्टरमध्ये ठेवला. टाकीतलं दहा-बारा लिटर पाणी काढलं आणि दोन दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं पाणी हळूहळू घातलं. खाणं दिवसातून एकदा, चिमटीभर, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. स्पंज यापुढे धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता हलवायचा, आणि महिन्यातून फार तर एकदा.

ठिपक्यांसाठी मीठ. त्या ठिपक्यांना इच म्हणतात. तो एक परजीवी आहे. माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला काहीच लागू पडत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि आत त्याचे शेकडो तुकडे होऊन नवे मासे शोधायला बाहेर पडतात. औषध किंवा मीठ लागतं ते फक्त या मोकळ्या फिरणाऱ्यांना. म्हणून ठिपके गेले तरी उपाय थांबवायचा नाही. हीटर ३० वर ठेवला, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप चोवीस तास.

बाबांनी खडे मिठाचे ९० ग्रॅम माझ्या किचनच्या काट्यावर मोजले. लिटरला दोन ग्रॅम. दोन दिवसांत तीन हप्त्यांनी, विरघळवून घालायचं. मिठाला आणखी एक काम होतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. मोली आणि गप्पी दोघांनाही खारट पाणी चालतं.

हे वाचून दाखवल्यावर बाबा हसले. त्यांचा जन्म खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला तो पट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते ना पिकाला चालत ना माणसाला. ८४ खेडी योजनेतून वान धरणाचं गोडं पाणी नळानं येऊ लागलं, त्याच्या गोष्टी ते अजून सांगतात.

"जिंदगीभर खाऱ्या पान्याले शिव्या देल्या," ते मीठ ढवळत म्हणाले. "अन् आता इथं वजन करून टाकून राह्यलो."

ते दोन दिवस राहिले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते, आणि मी त्यांचे कपडे झोळीत भरत होते. तळाशी साखरेच्या गोळ्यांची पाकिटं लागली. मीच ऑनलाइन मागवून अकोल्याच्या पत्त्यावर पाठवलेली, महिन्याची, ३० गोळ्या. त्यात २२ शिल्लक होत्या.

गोळी घेतली? घेतली. रोज.

मी पाकिटं हातात धरून दारात उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं. मला रागवायचं होतं. पण दहा-बारा दिवस गाळणीनं मासे काढत मीही "मस्त हायेत" म्हणतच होते, आणि त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नव्हता.

"घेऊन करू काय, असं वाटे," ते टाकीकडे बघत म्हणाले. "कोनाले दिसते?"

मी खाली मेडिकलमध्ये गेले आणि साखर तपासायचं मशीन आणलं. त्यांना ते वापरायला शिकवावं लागलं नाही. थेंब, पट्टी, आकडा. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं. पहिला आकडा आला २३१. त्यांनी तो माझ्या वहीत लिहिला, अमोनियाच्या आकड्याखाली, तारीख घालून.

त्यानंतर काही झटपट बदललं नाही. आणखी एक मोली गेली. स्पंज ठेवल्यावर आठवडाभरात अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढलं, किटची नळी जांभळी व्हायला लागली. मी रोज थोडं पाणी बदलत होते, आणि जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच मीठ घालत होते. बाकी काही करायचं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. काचेवर हिरवट थर धरला, तो घासायला माझे हात शिवशिवायचे. डिसेंबरच्या थंडीत मी चादर घेऊन टाकीसमोर बसायचे, हात मांडीखाली घालून. ठिपके गेल्यावरही दहा दिवस मीठ आणि हीटर चालू ठेवला.

आता टाकीत पाच मासे आहेत. तीन मोली, दोन गप्पी. बाबांनी जाताना क्लोरोस्कोपची डबी इथेच सोडली. ती खिडकीत आहे.

काल रात्री त्यांचा फोन आला.

"आज किती?"

"अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य."

"अन् ते तिसरं?"

"नायट्रेट वीस."

"मानसाईले पंचेचायीसलोक चालते. चांगलं हाय मंग." पेन शोधल्याचा आवाज आला. तिकडेही एक वही आहे.

"तुमची किती?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत.

"उपाशी एकशे बेचायीस."

"अन् परवा?"

"परवाची एकशे नव्वद," ते म्हणाले. "गुलाबजाम खाल्ला होता. दोन."